फवारणी पंपाचा बॅटरी पॅक घरी बांधताना सेल कसे जोडावेत

पाठीवरचा बॅटरीपंप दोन-तीन पावसाळे नीट चालतो आणि मग अर्ध्या टाकीवर थकायला लागतो. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पोफळी आणि मिरवेलींना बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं पाणी, मारायची घाई पहिल्या पावसाच्या आधी असते. नेमक्या त्याच आठवड्यात मामांचा पंप बसला. "पंप धडधाकट आहे रे, ह्याचा जीव गेलाय," मामा बॅटरीच्या डब्यावर थाप मारून म्हणाले. डबा उघडला तर आत बारा सेल. बारा सेल बदलायचे, एवढंच काम वाटलं. प्रत्यक्षात ते मला तीनदा करावं लागलं, आणि पहिल्या दोन्ही वेळा फसलो तो सांध्यात. सेल चांगले होते, जोडणी वाईट होती.

म्हणून हा लेख मुख्यतः सांध्याबद्दल आहे. उदाहरण बारा सेलच्या १२ व्होल्टवाल्या पॅकचं घेतलंय. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी. ई-सायकलचा ३६ किंवा ४८ व्होल्टचा पॅक पहिल्या फटक्यात हाती घेऊ नका. तिथे सेल चाळीसच्या पुढे जातात आणि चुकीला क्षमा नसते.

आणखी एक गोष्ट आधीच तपासा. काही पंपांत लिथियमऐवजी शिसे-आम्लाची, स्कूटरसारखी जड बॅटरी असते. तिच्या जागी लिथियम पॅक बसवता येतो, पण चार्जरही बदलावाच लागतो. शिसे-आम्लाचा चार्जर १४ व्होल्टच्या वर जातो. तीन सेल मालिकेतल्या लिथियम पॅकची मर्यादा १२.६ व्होल्ट आहे.

१. आधी हे सगळं टेबलावर मांडा

- १८६५० मापाचे नवे सेल, बारा आणि वर एक-दोन जादा. नावातच माप आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब.
- शुद्ध निकेलची पट्टी, ८ मिलिमीटर रुंद, ०.१५ मिलिमीटर जाड.
- स्पॉट वेल्डर.
- मल्टिमीटर. ताजी बॅटरी घातलेला.
- सेल बसवायचे प्लॅस्टिकचे होल्डर.
- प्लस टोकावर चिकटवायच्या कागदी चकत्या. दुकानात बार्ली पेपर किंवा फिश पेपर म्हणून मागा.
- तीन सेलच्या मालिकेसाठीचं बीएमएस, म्हणजे पॅकचं रक्षण करणारं छोटं सर्किट.
- कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी), रुंद हीट श्रिंक (तापवलं की आवळणारं आवरण), सिलिकॉन आवरणाची जाड वायर.
- कात्री, नाकाडी पक्कड, बारीक कानस, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती कापड.
- डोळ्यांना चष्मा, आणि हाताशी पाण्याची बादली.

मल्टिमीटर, वायर, सोल्डर, टेप म्हापसा किंवा मडगावच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं. सेल आणि निकेल पट्टी मी ऑनलाइन मागवतो. लिथियम सेल साध्या पार्सलसारखे विमानाने पाठवत नाहीत, ते रस्त्याने येतात. दिवस धरून आधीच मागवा.

२. सेल निवडताना

१८६५० सेलवर ९९०० मिलिअँपिअर-तास असं छापलेलं दिसलं तर हात लावू नका. ह्या मापाचे बाजारात नेहमी मिळणारे चांगले सेल ३५०० च्या आसपास थांबतात. स्वयंपाकघरातला वजनकाटाही कामाला येतो. खरा सेल साधारण ४५ ग्रॅमच्या पुढेमागे भरतो. २५-३० ग्रॅमचा भरला तर आत काय आहे हा विचारही करू नका, परत पाठवा.

पंपाला २५०० चा सेल पुरतो. चार सेल समांतर घेतले की १० अँपिअर-तास होतात आणि दिवसभराची फवारणी निघते.

आल्याबरोबर प्रत्येक सेलचा व्होल्टेज मोजून त्याच्या अंगावर मार्करने लिहा. नवे सेल बहुतेक ३.५ ते ३.७ व्होल्टवर येतात. समांतर जोडायच्या चार सेलमध्ये ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर जोडताक्षणी चढा सेल उतरत्या सेलमध्ये जोरात ओततो. फरक असेल तर एकेक सेल चार्जरवर भरून समान पातळीला आणा.

जुन्या लॅपटॉपचे सेल काढून वापरणारे पुष्कळ आहेत. मी नवशिक्यांना ते सुचवत नाही. क्षमता मोजायचं यंत्र, आंतरिक रोध मोजायचं यंत्र आणि आठवडाभराचा संयम असेल तर गोष्ट वेगळी.

३. डाख (सोल्डर) का नको

पहिल्या वेळी माझ्याकडे वेल्डर नव्हता. साठ वॉटची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, घेऊन मी थेट सेलच्या बुडाला डाख दिला. डाख सुंदर बसला, चकाकत होता. पण सेलचा पत्रा उष्णता भराभर खेचून घेतो, त्यामुळे डाख पसरेपर्यंत टोक टेकवून ठेवावं लागतं. टोक ३५० अंशांवर असतं. पत्र्याच्या आत, अगदी जवळ, प्लस आणि मायनसच्या थरांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा गुंडाळलेला असतो आणि तो १३० अंशांच्या आसपास वितळायला लागतो. वरच्या प्लस टोकाला तर झाकणाभोवती सीलची प्लॅस्टिकची कडी असते. ती भाजली की सेल पाझरू शकतो. माझ्या बारापैकी दोन सेल महिन्याभरात आपोआप उतरले, बाकीचे जागच्या जागी होते. बाहेरून पाहून काही कळलं नसतं.

स्पॉट वेल्डिंगमध्ये उष्णता तितकीच कडक असते, पण ती टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत आणि काही मिलिसेकंदांपुरती. तांब्याच्या दोन टोकांतून पट्टीवर शेकडो अँपिअरचा झटका जातो. जिथे विजेला सर्वांत जास्त अडथळा, तिथे सर्वांत जास्त ताप. आणि तो अडथळा पट्टी व सेल जिथे एकमेकांना टेकतात तिथेच असतो. त्या ठिपक्यात धातू वितळून एकजीव होतो आणि सेलला कळायच्या आत थंडही होतो. बोट लावून पाहा, जेमतेम कोमट लागेल.

ह्याच कारणाने तांब्याची पट्टी घरच्या वेल्डरला दाद देत नाही. तांब्याचा अडथळा निकेलच्या चौथ्या हिश्शाएवढाच, त्यामुळे ताप साठतच नाही.

४. पट्टी खरी निकेल आहे का, हे आधी बघा

गोव्यात हे काम करणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं.

दुसऱ्या खेपेला मी वेल्डर आणला, डाख सोडला, आणि स्वस्त पट्टी घेतली. वेल्ड झकास बसत होते, खरं तर जरा जास्तच सहज. मे महिन्यात बांधलेला पॅक चवथीच्या सुमारास उघडला तर पट्टीच्या कडांना तांबूस गंज धरलेला. पट्टी लोखंडाची होती, वर निकेलचा मुलामा. जिथे कात्रीने कापलं होतं आणि जिथे वेल्डचे ठिपके पडले होते तिथे मुलामा फुटला आणि आपली दमट, खारी हवा आत शिरली. फवारणीच्या डब्यात तर मोरचुदाचे शिंतोडे उडतात. मोरचूद लोखंडाला खातं. वर लोखंडाचा अडथळा निकेलच्या दुपटीच्या आसपास, म्हणजे पट्टी तापते आणि पंपाला मिळायची वीज वाटेत जाते.

चुंबक लावून फसू नका. निकेल आणि लोखंड दोन्ही चुंबकाला चिकटतात. मी आता हे करतो: बोटभर तुकडा कापायचा, कानशीने दोन्ही बाजूंनी ओरखडायचा, वाटीभर पाण्यात चमचाभर मीठ घालून त्यात टाकायचा. एक-दोन दिवसांत पाणी तांबूस झालं तर लोखंड. शुद्ध निकेल जसंच्या तसं राहतं. ग्राइंडर असेल तर त्याच्यावर तुकडा टेकवा. लोखंडाच्या ठिणग्यांचा फुलबाजा उडतो, निकेल जवळजवळ गप्प असतं. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, त्यालाही बहुधा माहीत नसतं.

०.१५ जाडीची, ८ रुंदीची एक निकेल पट्टी पाच अँपिअरपर्यंत आरामात नेते. पंपाची मोटर साधारण त्याच्या आतच ओढते आणि ते काम चार पट्ट्यांत वाटलं जातं, त्यामुळे इथे चिंता नाही.

५. वेल्डर कोणता

दोन प्रकार नवशिक्याला झेपतात. एक हातात मावणारा, आत स्वतःची बॅटरी असलेला. ०.१५ च्या पट्टीवर त्यातले काही धापा टाकतात, म्हणून घेताना ०.२ पर्यंत चालतो असं लिहिलेला घ्या. दुसरा म्हणजे गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं सर्किट आणि त्याला दोन तांब्याची टोकं. मी दुसरा वापरतो. मेन लाइनवर चालणारे ट्रान्सफॉर्मरवालेही मिळतात, पण पावसाळ्यात आमच्याकडे व्होल्टेज खालीवर होतो आणि एकाच खुणेवर ठेवूनही एक वेल्ड जळतो, दुसरा सुटतो.

मायक्रोवेव्ह ओव्हन फोडून त्याच्या ट्रान्सफॉर्मरचा वेल्डर बनवायचे व्हिडिओ सगळीकडे आहेत. कृपा करून ते करू नका. त्या ओव्हनच्या आत हजारो व्होल्ट असतात आणि त्याचा कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही जीव घेऊ शकतो.

६. सराव: मेलेल्या सेलवर तीस ठिपके

पॅकला हात लावण्याआधी जुन्या पंपाचे उतरलेले सेल घ्या. फुगलेला, पाझरलेला नको. पट्टीचा तुकडा आणि सेलचं टोक अल्कोहोलने पुसा. घामाचे हात लागले तर पुन्हा पुसा.

वेल्डर सर्वांत खालच्या पातळीवर ठेवा. तांब्याची दोन टोकं तीन-चार मिलिमीटर अंतरावर, दोन्हींवर सारखा दाब देऊन उभी धरा आणि झटका द्या. पट्टी पक्कडीने ओढा. सहज निघाली तर एक पातळी वाढवा. पुन्हा ओढा. असं करत करत अशा जागी पोहोचाल की पट्टी फाटेल, तिच्यात दोन भोकं पडतील आणि निकेलचे दोन ठिपके सेलवरच चिकटून राहतील. हीच तुमची पातळी. ती वहीत लिहून ठेवा.

त्याच्या वर गेलात तर ठिणगी उडते, काळा डाग पडतो आणि पट्टीऐवजी सेलच्या पत्र्याला भोक पडू शकतं. बुडाचा पत्रा पातळ असतो. भोक पडलेला सेल गोडसर, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास देतो. असा सेल लगेच घराबाहेर उघड्यावर ठेवा.

ठिणग्या उडण्याचं कारण दर वेळी जास्त पातळी हे नसतं. बहुतेकदा दाब कमी पडलेला असतो किंवा टोकं काळवंडलेली असतात. दहा-पंधरा ठिपक्यांनंतर टोकं कानशीने साफ करायची सवय लावा. आणि पट्टीच्या मध्यावर, दोन टोकांच्या मधोमध उभी चीर पाडलीत तर झटका पट्टीतल्या पट्टीत पळून न जाता सेलमधून वळसा घेतो, वेल्ड पक्का बसतो. तयार चिरेची पट्टीही मिळते.

पहिल्या दिवशी माझे तीसपैकी अकरा वेल्ड सुटले. दुसऱ्या दिवशी दोन.

७. मांडणी कागदावर काढा, दोन्ही बाजूंची

सगळ्यात घातक चूक इथे होते, म्हणून सावकाश वाचा.

बारा सेल चार-चारच्या तीन गटांत. पहिल्या गटाचे प्लस वर, दुसऱ्याचे खाली, तिसऱ्याचे पुन्हा वर. होल्डरमध्ये बसवण्याआधी प्रत्येक प्लस टोकावर कागदी चकती चिकटवा. सेलचा अख्खा डबा, वरच्या खांद्यापर्यंत, मायनस असतो. प्लसच्या बटणापासून तो मिलिमीटरभरच लांब असतो आणि मध्ये असतो तो फक्त प्लॅस्टिकचा रंगीत पापुद्रा. पट्टीच्या कडेने तो पापुद्रा घासला की सेल तिथल्या तिथे शॉर्ट होतो. चकती ह्यासाठीच.

आता पट्ट्या. वरच्या बाजूला पहिल्या गटाचे प्लस आणि दुसऱ्या गटाचे मायनस एकत्र. तिसऱ्या गटाचे प्लस वेगळे. खालच्या बाजूला पहिल्या गटाचे मायनस वेगळे, दुसऱ्या गटाचे प्लस आणि तिसऱ्या गटाचे मायनस एकत्र.

घात होतो तो पॅक उलटताना. उलटला की डावीकडचा गट उजवीकडे जातो. वर जसं केलं तसंच खाली करायला हात जातो आणि वर ज्या दोन गटांना जोडलं त्याच दोन गटांना खालीही जोडलं जातं. म्हणजे आठ सेल थेट शॉर्ट. एकेका सेलमधून शंभराच्या घरातले अँपिअर धावतात, पट्टी लाल होते आणि ती सोडवायला हात घालता येत नाही.

म्हणून दोन्ही बाजूंची चित्रं वेगवेगळी काढा. होल्डरवरच मार्करने १, २, ३ लिहा, वर आणि खालीही. ज्या बाजूवर काम चालू नाही ती टेपने पूर्ण झाका. पट्टी ठेवल्यावर, वेल्ड करण्याआधी, चित्राशी बोट लावून जुळवा. मी हे मोठ्याने बोलत करतो, घरात मग कुणी हाकही मारत नाही.

८. वेल्डिंग

अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. चष्मा लावा. लाकडी टेबल, खिडक्या उघड्या, पोरं लांब.

बाहेर जाणाऱ्या जाड वायरी आणि बीएमएसच्या बारीक वायरी ज्या पट्ट्यांना लागणार, त्या पट्ट्यांच्या बाहेर आलेल्या टोकाला आधीच डाख देऊन ठेवा, पट्टी सेलवर बसवण्यापूर्वी. उघड्या वायरींच्या टोकांना एकेक करून टेप गुंडाळा.

मग प्रत्येक सेलवर दोन किंवा तीन जोड्या, म्हणजे चार ते सहा ठिपके. एकाच सेलवर सलग ठोकत बसू नका. पहिल्या सेलवर एक जोडी, पुढच्यावर एक, असं फिरत या, सेल गार राहतात. गाडीच्या बॅटरीवर काम करत असाल तर वेल्डरच्या वायरीही तापतात, अधूनमधून थांबा.

एक बाजू झाली की प्रत्येक पट्टी नखाने उचलून पाहा. किंचितही हलली तर त्याच जागी नको, शेजारी नवा ठिपका द्या.

दोन्ही बाजू झाल्यावर मल्टिमीटर घ्या. पहिल्या गटाच्या मायनसवर काळी कांडी ठेवून पुढे सरकत जा. सेल ३.६ वर असतील तर ३.६, मग ७.२, मग १०.८ दिसायला हवं. आकडा ह्याहून वेगळा आला तर पुढे जाऊ नका.

९. बीएमएस जोडणं

आधी पहिल्या गटाचा मायनस. मग बारीक वायरी खालून वर क्रमाने. प्लग असेल तर तो बीएमएसमध्ये खुपसण्याआधी त्याच्या पिनांवर व्होल्टेज मोजा, चढत्या क्रमाने सारख्या पायऱ्या दिसल्या पाहिजेत. एक वायर अलटपालट झाली तर बीएमएस जागीच जळतं. पंप आणि चार्जर गटाच्या मायनसला न जोडता बीएमएसच्या बाहेरच्या मायनसला जोडायचे. घाईत थेट जोडलं तर पंप चालतो, रक्षण मात्र काहीच होत नाही, आणि सेल अतिउतरून मेल्यावरच ते समजतं.

१०. पहिलं चार्जिंग आणि आवरण

पहिलं चार्जिंग हीट श्रिंक चढवण्यापूर्वी, बाल्कावात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, फरशीवर, शेजारी बसून. चार्जर लिथियमचा, १२.६ व्होल्टचा. दर पंधरा मिनिटांनी हाताच्या उलट्या बाजूने सेल आणि सांधे चाचपा. एखादाच सांधा इतरांहून गरम लागला तर तो वेल्ड कच्चा आहे. भरून झाल्यावर तिन्ही गट ४.२ च्या जवळ, एकमेकांपासून फार दूर नसावेत.

मग पंप लावून दहा मिनिटं साधं पाणी फवारा आणि पुन्हा चाचपा. एवढं झालं की दोन्ही बाजूंना फिश पेपर, वर टेप, वर हीट श्रिंक. आपल्या हवेत श्रिंकची टोकं उघडी सोडू नका, सिलिकॉनने बंद करा. आम्लासारखा झोंबणारा वास देणारं सिलिकॉन घेऊ नका, ते धातूला लागतं. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

कधी काही बिनसलंच, सेल फुसफुसायला लागला, तर पॅक उघड्यावर न्या, तेही हात लावण्याजोगा असेल तरच. वाळू टाकली तर ज्वाळा दबते, आतली धग राहते. थंड करतं ते भरपूर पाणी. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, वारा धूर जिकडे नेतो त्या बाजूला उभे राहू नका. आटोक्याबाहेर वाटलं तर लगेच १०१.

११. जुने सेल आणि नवा पॅक

काढलेल्या सेलच्या दोन्ही टोकांना टेप लावा आणि पंचायतीच्या कचऱ्याच्या पिशवीत मुळीच टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबले गेले की पेटतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. बॅटरी विकणाऱ्या दुकानात किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

नवा पॅक फवारणीच्या हंगामानंतर पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नका. सेलमागे ३.७-३.८ व्होल्टवर आणा आणि कोरड्या फडताळात ठेवा. मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत तर नकोच. पॅकवर बांधल्याची तारीख लिहा. बीएमएसच्या प्लगजवळून तिन्ही गटांचे आकडे दर दोन महिन्यांनी मोजून तारखेसह वहीत टिपा. मामांच्या पॅकचे आकडे त्यांच्या पंपाच्या पट्ट्यालाच बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात, आणि शेवटच्या मोजणीत तिन्ही गटांत ०.०२ व्होल्टचा फरक होता.